बाहुली सुटेपर्यंत

ज्या बाईंची ही हकीकत आहे, त्यांनी उभा जन्म एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालण्यात घालवला, आणि उतारवयात त्यांना चादरीवर नुसते पडून राहण्याचे काम मिळाले. त्या कामाचे नाव रुग्ण असे होते. प्रकृती म्हणाल तर ठणठणीत होती. वर्षानुवर्षे उभे राहिल्यामुळे पोटऱ्या तेवढ्या कमजोर झाल्या होत्या आणि कधीमधी पायात गोळा येत असे.

हे काम कसे निघाले, ते आधी सांगणे योग्य होईल. परदेशातील वृद्धांची सेवा करण्यासाठी इकडच्या मुली पाठवाव्यात, असा करार दोन सरकारांमध्ये झाला. मुलींना शिकवण्यासाठी एक केंद्र काढण्यात आले. टायरच्या दुकानावरचा मजला भाड्याने घेतला आणि भिंतींना फिकट हिरवा रंग दिला. त्या देशाने एक पलंग भेट म्हणून पाठवला. त्याला चाके होती, कठडे होते, न समजणाऱ्या अक्षरांची बटणे होती आणि पायथ्याशी दोन्ही देशांचे झेंडे रंगवलेली पितळी पट्टी होती. सरावासाठी माणसाएवढी एक म्हातारी बाहुलीही पाठवली होती. पलंग पोहोचला, बाहुली मात्र बंदरावर अडकली. तिला खेळणे म्हणावे की दवाखान्याचे सामान, आणि जकात कोणती घ्यावी, यावर दोन्हीकडच्या कचेऱ्यांचे एकमत होईना. इकडे वर्ग तर सुरू झालेला. शिकवणाऱ्या बाई पूर्वी इस्पितळात परिचारिका होत्या. त्यांनी खाली जाऊन टायरवाल्याला विचारले, "ओळखीची एखादी म्हातारी आहे का हो? दिवसभर झोपून राहील अशी?"

टायरवाला म्हणाला, "झोपून राहणारी कुठली मिळायला! पण आमच्या शेजारी एक आजी आहेत. बसून कंटाळल्यात. विचारून बघतो."

अशा रीतीने, बाहुली सुटेपर्यंत म्हणून, आजी त्या पलंगावर चढल्या. पहिल्या दिवशी त्यांनी विचारले, "मी काय करायचं?"

"काही करायचं नाही," शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या.

"काही नाही म्हणजे नक्की काय?"

"पडून राहायचं. मुली तुम्हाला कुशीवर वळवतील, बसवतील, भरवतील. तुम्ही आपलं अंग सैल सोडायचं."

अंग सैल सोडणे, हेच आजींना जन्मात कोणी शिकवले नव्हते. मुलींनी उचलण्याआधीच त्या स्वतः उठून बसत. चादर बदलायला कोणी आले की खाली उतरून चादरीचे दुसरे टोक धरत. "अहो आजी, तुम्ही आजारी आहात!" असे बाई ओरडल्या की त्या ओशाळून पुन्हा आडव्या होत. पुढे पुढे मात्र त्यांना ते जमू लागले. रुग्णाची एक बाजू लुळी असेल तर हात कसा लोंबकळू द्यावा, चमच्याने भरवताना अर्धे केळे ओठांवरच कसे ठेवावे, हे त्या शिकल्या. त्या देशाच्या भाषेतील चार वाक्येही पाठ झाली. त्यांपैकी दोन महत्त्वाची होती. 'दुखते आहे' आणि 'दुखत नाही'. मुलीने कुशीवर वळवले की ती विचारणार, दुखते का? त्या वेळी बाईंनी मूठ दाखवली तर दुखत नाही म्हणायचे, बोट दाखवले तर दुखते म्हणायचे आणि वर कण्हायचेही. आजी असे कण्हत की खालून टायरवाला जिन्यात येऊन विचारी, "डॉक्टरला बोलावू का?"

मुली त्यांना पेशंटआजी म्हणू लागल्या. एक तुकडी शिकून परदेशी गेली, दुसरी गेली. तिसऱ्या तुकडीत आजींची सून आली.

घरात तिघेच होते. मुलगा पंखे आणि मोटारी दुरुस्त करी. काम कधी असे, कधी नसे. सून शिकलेली, अबोल, कामाला वाघ. सासू-सुनेचे भांडण असे कधी झाले नव्हते, पण लग्न होऊन इतकी वर्षे झाली तरी दोघींच्यात एक ताटाएवढे अंतर कायम राहिले होते. मीठ द्या, गॅस संपला, दार लावून घ्या, इतकेच बोलणे. आजींच्या केसांना सुनेचा हात कधी लागला नव्हता, आणि लागावा असे दोघींपैकी कोणाच्याही मनात आले नव्हते.

वर्गात पहिल्याच दिवशी तिच्या वाट्याला आजींचे केस विंचरण्याचे काम आले. ती कंगवा घेऊन उभीच राहिली.

बाई म्हणाल्या, "अगं, घाबरतेस काय? वाघीण आहे का ती?"

"सासू आहे," सून म्हणाली.

सारा वर्ग हसला. आजीसुद्धा हसल्या, नंतर आपण लुळ्या आहोत हे आठवून त्यांनी तोंड मिटले. सुनेने हळूहळू गुंता सोडवला. कंगवा वर ओढताना ती केसांच्या मुळाशी बोटे धरी, म्हणजे ओढ लागू नये. आजींचे डोळे मिटू लागले. आपण रुग्ण म्हणून डोळे मिटले की सुख वाटले म्हणून, हे त्यांना सांगता आले नसते.

तेव्हापासून त्यांच्या डोक्यात सगळा घोळ सुरू झाला. दिवसा सून त्यांना उठवी, बसवी, तोंड पुसून देई, त्या परक्या भाषेत आदराने हाक मारी. संध्याकाळी दोघी एकाच रस्त्याने घरी येत, पण मध्ये थोडे अंतर ठेवून. घरी आल्यावर सून पुस्तक घेऊन बसे, कारण तिला ती भाषा शिकायची होती, आणि आजी स्वयंपाक करून तिच्यापुढे ताट ठेवीत. एकदा घरी पाणी पिताना आजींना ठसका लागला. सून झटक्यात उठली, त्यांच्या पाठीवर हात ठेवून त्या भाषेत काहीतरी म्हणाली आणि मग दोघीही अवघडल्या.

"इथे नको," आजी म्हणाल्या.

"सवय झाली," सून म्हणाली. दोघींनी दोन दिशांना तोंडे फिरवली.

मध्यंतरी केंद्रात परराष्ट्र खात्याचे एक साहेब आले. त्यांनी मुलींना करार समजावून सांगितला. ते म्हणाले, "त्यांच्याकडे वृद्ध माणसं फार आहेत, आपल्याकडे काम करणारे हात फार आहेत. तुम्ही जो पैसा घरी पाठवाल, तो परदेशी चलनात येईल. त्यातून आपला देश तेल घेईल, यंत्रं घेईल. शिवाय ते आपलं बंदर वाढवून देणार आहेत. तुम्ही नुसत्या नोकरीला जात नाही, तुम्ही दोन देशांमधला पूल आहात!" असे म्हणताना त्यांनी जोशात पलंगावर हात आपटला. तो नेमका एका बटणावर पडला. पलंग घुमू लागला. डोके वर, पाय वर, मध्ये आजी, असा तो मिटत चालला. साहेबांनी भराभर सगळी बटणे दाबली.

"अहो, पूल राहू दे, मला आधी बाहेर काढा!" आजी आतून म्हणाल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी मुलाला विचारले, "सुनेच्या बदल्यात ते बंदर देणार, हे खरं का रे?"

"सुनेच्या एकटीच्या नाही गं आई. सगळ्या मुलींच्या मिळून."

"मग आपल्या वाटणीला त्यातलं काय येणार?"

"खांब येईल एखादा," मुलगा हसून म्हणाला. "जहाजाची दोरी बांधायला."

"आणि ती बाहुली अडकलीय, तेच का हे बंदर?"

"तेच असावं."

"म्हणजे बाहुली आत येत नाही त्या दारातून हिला बाहेर पाठवायचं," आजी म्हणाल्या. त्यात आपण नक्की काय म्हणालो, ते त्यांचे त्यांनाच उमगले नाही. मुलाला हे जाणे पटले होते आणि पटलेही नव्हते. बायकोचा पैसा येईल म्हणून मित्रांनी त्याला 'परदेशी जावई' अशी पदवी देऊन टाकली होती. तो त्यांच्याबरोबर हसत असे आणि घरी येऊन एखादा चांगला चालणारा पंखा उघडून बसत असे.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी सून वाळलेले कपडे काढत होती आणि आजी त्यांच्या घड्या घालत होत्या.

"तुला जायचंय ना?" आजींनी खाली बघत विचारले.

"जायचंय," सून म्हणाली. एक चिमटा काढत पुढे म्हणाली, "भीती पण वाटते. पण जायचंय. इथे मी काय केलं, असं कुणी विचारलं तर सांगायला काही नाही हो आई."

आजींनी मान हलवली. पण मनात एक विचार येऊन गेला. उद्या परीक्षेला रुग्ण आपणच. नियम असा होता की रुग्णाला वळवताना तो कण्हला किंवा 'दुखते' म्हणाला तर मुलगी नापास. एक कण्हणे पुरे होते. मग केस विंचरणारा हात इथेच राहील. 'छे, काहीतरीच,' असे म्हणून त्यांनी चादरीची घडी झटकली. पण विचार काही झटकला गेला नाही. आपण उद्या काय करणार आहोत, हे त्यांना खरोखर कळेना.

परीक्षा घेण्यासाठी त्या देशाहून एक परीक्षक बाई आल्या होत्या. उंच, शांत, हातात पाटीवर लावलेला कागद. साहेबही हजर होते. त्या दिवशी रुग्णाने मूठ-बोट काही न पाहता 'दुखत नाही' असेच म्हणायचे ठरले होते. मुली एकेक करून पार पडल्या. शेवटी सून आली. तिने त्या भाषेत वंदन केले, कठडा खाली घेतला, एक हात आजींच्या खांद्याखाली आणि एक गुडघ्याखाली घालून त्यांना कुशीवर वळवले. मग तिने विचारले, "दुखते का?"

त्याच क्षणी आजींच्या डाव्या पायात गोळा आला.

कळ अशी की डोळ्यांपुढे अंधारी आली. पण आजींनी दातांवर दात धरले. त्या 'दुखत नाही' म्हणणार, तोच सुनेने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि ती सगळी परीक्षा विसरली. पायाशी धावली, अंगठा धरून वर ओढला, पोटरी चोळू लागली आणि चक्क आपल्या भाषेत म्हणाली, "अहो आई, सोडा, सैल सोडा! श्वास घ्या! कुठे, इथे का?" परीक्षेत आपली भाषा बोलायला सक्त मनाई होती.

"आई गं!" आजी कण्हल्या. खाली टायरवाल्याने हातोडी थांबवली.

गोळा उतरला. परीक्षक बाईंनी कागदाकडे पाहिले, पलंगाकडे पाहिले, मग शिकवणाऱ्या बाईंशी त्या बराच वेळ बोलल्या. बाईंनी येऊन सांगितले, "आजी, नीट ऐका. त्या म्हणतात, दुखणं खरं असेल तर हिने केलं ते बरोबरच आहे. पण ते नाटक असेल, तर हिने नियम मोडला आणि ही नापास. तुम्हीच सांगा. खरंच गोळा आला होता का?"

इतका सोपा प्रश्न होता. 'हो' म्हणायचे होते. पण आजींना आदल्या संध्याकाळची घडी आठवली. हा गोळा आपोआप आला, की आपणच त्याला मनातून हाक मारली? इतके महिने बोट दिसले की दुखत होते आणि मूठ दिसली की थांबत होते. आपले कोणते आणि कामाचे कोणते, याचा हिशोब त्यांना लागेना. खोटे बोलू नये, एवढे त्यांना ठाऊक होते. पण खरे काय, हेच ठाऊक नव्हते.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

"अहो, माहीत नाही काय? पाय तुमचा!"

"पाय माझाच. पण खरंच माहीत नाही हो."

साहेबांनी कपाळाला हात लावला. परीक्षक बाईंनी कागदावर काहीतरी लिहिले आणि खोडले. शेवटी निर्णय झाला की हिची परीक्षा पुन्हा घ्यावी, आणि या वेळी जिवंत माणूस नको. साहेबांनी बंदरावर फोन लावला. एवढे दिवस जी बाहुली सुटत नव्हती, ती पाहुण्या बाई शहरात आहेत म्हटल्यावर सुटली. जकात कोणती लावली, ते कोणालाच कळले नाही.

बाहुली येईपर्यंतचे दिवस घरात फार अवघड गेले. सून काही विचारत नव्हती, आणि तेच जास्त टोचत होते. शेवटी चहा देताना तिने विचारलेच.

"तुम्ही मला थांबवायला तसं केलंत का?"

"मी केलं नाही," आजी म्हणाल्या. "पण व्हावं असं वाटलं होतं. आणि मग झालं. आता ते कुणी केलं, मला कळत नाही."

सुनेने कप खाली ठेवला. "मला वाटलं, मीच केलं," ती म्हणाली. "मला वाटलं, मला मनातून जायचंच नसेल. म्हणून तुमचा पाय दिसला."

"मग तुला जायचंय की नाही?"

"तेच तर. रोज सकाळी जायचं असतं, संध्याकाळी नसतं."

"मग परीक्षा सकाळी ठेवायला सांग," आजी म्हणाल्या. दोघींना हसू आले, पण गुंता काही सुटला नाही.

बाहुली पेटीतून निघाली तेव्हा सगळे तिच्याभोवती जमले. पांढरे केस, गालांवर बारीक सुरकुत्या, रबरी हात. आजींच्या पलंगावर तिला झोपवले, आणि आजींना भिंतीपाशी खुर्ची दिली. आपल्या जागेवर दुसऱ्या कोणाला पाहणे त्यांना चमत्कारिक वाटले. चादरीचा एक कोपरा नीट खोचलेला नव्हता. त्या उठणार होत्या, पण बसून राहिल्या.

सुनेने वंदन केले, कठडा खाली घेतला, बाहुलीच्या खांद्याखाली हात घातला. तिचे हात तेच होते, तितकेच हळू. कुशीवर वळवताना तिने सवयीने बाहुलीचे केस मानेखालून काढून घेतले, ओढ लागू नये म्हणून. आजींचा हात नकळत स्वतःच्या मानेकडे गेला. मग सुनेने विचारले, "दुखते का?"

बाहुलीच्या पोटात आवाजाचे यंत्र होते. तिने 'दुखत नाही' असे म्हणायचे होते. बाई म्हणाल्या होत्या तसे पोटावरचे बटण दाबलेलेही होते. पण बंदरावर इतके दिवस पडून खारी हवा लागली असावी. बाहुली गप्प राहिली. नियम असा की उत्तर ऐकल्याशिवाय पुढची पायरी करायची नाही. सून वाकून उभी राहिली. परीक्षक बाई लेखणी धरून उभ्या राहिल्या. शिकवणाऱ्या बाईंनी बाहुलीच्या पोटावर एक चापट मारली. आतून नुसती खरखर आली. साहेब छताकडे बघू लागले. सुनेने पुन्हा विचारले. पुन्हा खरखरच.

मग तिने मान वळवून खुर्चीकडे पाहिले. त्या पाहण्यात विनवणी होती की आणखी काही, ते आजींना वाचता आले नाही. त्यांनी शिकवणाऱ्या बाईंच्या हातांकडे पाहिले. मूठ नव्हती, बोट नव्हते. बाईंचे दोन्ही हात बाहुलीच्या पोटावर होते. सांगणारे कोणीच नव्हते. दोन्ही वाक्ये आजींच्या जिभेवर येऊन बसली होती, आणि त्यातले कोणते खरे, हे त्या दिवशीसारखेच आजही त्यांना माहीत नव्हते. वेळ मात्र सकाळची होती.

"दुखत नाही," आजी त्या परक्या भाषेत, खणखणीत आवाजात म्हणाल्या.

परीक्षक बाईंनी चमकून वळून पाहिले. बाहुलीकडे पाहिले, आजींकडे पाहिले, आणि सावकाश मान हलवली. सुनेने पुढची पायरी केली, चादर सरळ केली, आभार मानले. कागदावर शिक्का उठला. साहेब टाळ्या वाजवत आजींकडे आले आणि म्हणाले, "आजी, तुम्ही आज देशाचं काम केलंत!"

"कोणत्या?" आजींनी विचारले. साहेब हसले, त्यांना ती थट्टा वाटली.

सून हातमोजे काढत खुर्चीपाशी आली आणि खाली बसली. तिने आजींचा डावा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि पोटरीवर अंगठा फिरवू लागली. आजूबाजूला मुली होत्या, साहेब होते, पण या वेळी दोघींपैकी कोणीही तोंड फिरवले नाही.

"आता सांगा," ती आपल्या भाषेत म्हणाली. "दुखतंय?"

आजींनी पायाची बोटे हलवून पाहिली. पायात गोळा नव्हता. तरी दोन्ही वाक्ये पुन्हा जिभेवर आली.

"थांब," त्या म्हणाल्या. "बघून सांगते."